पोटावरील शस्त्रक्रिया : रूपाची की दुरुस्तीची?

भालकी किंवा औराद तालुक्यातील एखादी भगिनी आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणू. वय पस्तीस-छत्तीस. तीन बाळंतपणे झालेली. त्यांतील शेवटची दोन पोट चिरून. अंगाने ती मुळीच स्थूल नाही. हातपाय काटकुळेच म्हणावेत असे. परंतु पोट मात्र पुढे आलेले आणि बेंबीखाली कातडीची सैल घडी लोंबत असलेली. लग्नकार्यात कोणी दूरची नातलग भेटते आणि सहज विचारते, "कितवा महिना हाय गं?" धाकटा मुलगा शाळेत जाऊ लागून दोन वर्षे झाली, तरी हा प्रश्न तिची पाठ सोडीत नाही. सासूबाई म्हणतात, बाळंतपणात पोट घट्ट बांधून घेतले नाहीस, त्याचे हे फळ. शेजारीण म्हणते, भात सोड. आणि आता हैदराबादेस नोकरीला असलेला भाऊ मोबाईलवर एक जाहिरात दाखवतो : एका दिवसात पोट सपाट, पैसे हप्त्याहप्त्याने भरण्याची सोय.

या भगिनीने काय करावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्या जाहिरातीत जे लिहिलेले नसते ते तिला आधी कळावे, एवढ्यासाठीच आजचे हे भाषण आहे.

सुटलेले पोट हा एकच विकार आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः पोट पुढे येण्याची कारणे निरनिराळी असून ती निरनिराळ्या थरांत दडलेली असतात. सर्वांत वर कातडी. तिच्याखाली चिमटीत धरता येते ती चरबी. तिच्याखाली पोटाची खरी भिंत. म्हणजे बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत उभे उतरलेले दोन स्नायूंचे पट्टे आणि त्यांना मधोमध जोडणारी एक चिवट पांढरी शिवण. आणि या भिंतीच्याही आत, आतड्यांच्या भोवती साठलेली चरबी, जी बाहेरून दिसत नाही आणि चिमटीतही येत नाही. गर्भारपणात गर्भ वाढू लागला की ती मधली शिवण ताणली जाऊन रुंद होते व दोन्ही पट्टे एकमेकांपासून दूर सरतात. पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपणानंतर काही महिन्यांत ते पुन्हा जवळ येतात. काहींच्या बाबतीत, विशेषतः लागोपाठ बाळंतपणे झाली असता किंवा जुळी मुले झाली असता, ते तसेच दूर राहतात. मग भात सोडून आणि उपास करून काय होणार? भिंतीची शिवण उसवली असता घरातले धान्य कमी करून ती थोडीच सांधली जाते!

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. जमिनीवर उताणे निजावे, गुडघे दुमडावे आणि हातांचा आधार न घेता मान व खांदे थोडे वर उचलावे. बेंबीच्या वरखाली, मधोमध, उभा उंचवटा वर आला आणि तेथे बोटे आडवी ठेवली असता दोन बोटांहून अधिक रुंद पोकळी लागली, तर स्नायूंची फारकत झाली आहे असे समजावे. शिकवून घेतलेल्या व्यायामाने तिच्यात काही अंशी सुधारणा होते. म्हणून प्रसूतीनंतर निदान वर्षभर तरी शस्त्रक्रियेचा विचार करू नये. पोट बांधण्याच्या आपल्या जुन्या चालीबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याने बाळंतिणीच्या कंबरेला आधार मिळतो, तिला बरे वाटते. पण ताणलेली शिवण बांधण्याने जुळत नाही. म्हणजे न बांधल्याचा दोषही तिच्या माथी मारण्याचे कारण नाही.

मात्र याच परीक्षेत बेंबीपाशी किंवा जुन्या टाक्यांच्या जागी एखादा गोळा खोकताना बाहेर येत असेल आणि निजल्यावर आत जात असेल, तर ती गोष्ट वेगळी. तो अंतर्गळ, म्हणजे हर्निया. तो रूपाचा प्रश्न नव्हे, आजार होय. असा गोळा एके दिवशी आत जाईनासा झाला, टणक झाला, दुखू लागला व उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असण्याचा संभव असतो. तेव्हा रात्र असो वा पाऊस, रुग्णालय गाठलेच पाहिजे. अंतर्गळाची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांत होते. पुष्कळ भगिनी लाजेपायी हा गोळा वर्षानुवर्षे पदराखाली झाकून ठेवतात. हे दाखवण्यासाठी कोणत्याही जाहिरातीची वाट पाहू नये.

आता पुरुषांकडे वळू, कारण त्या जाहिरातींचे गिऱ्हाईक तेही आहेत. पन्नाशीच्या गृहस्थाचे पोट नगाऱ्यासारखे घट्ट असते. त्यावर चिमटी घ्यावी तर फारसे हाती लागत नाही. ही भिंतीच्या आतली चरबी. तिला कोणताही सुघटनशल्यविशारद, म्हणजे प्लास्टिक सर्जन, हात लावीत नाही. लावूही शकत नाही. आणि मधुमेहाचे व हृदयविकाराचे मूळ पुष्कळ अंशी तिच्यातच असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या इंग्लंडमधील स्नेही शास्त्रज्ञाबरोबर २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३, परंतु इंग्रज मित्राच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात सुमारे २१ टक्के! आपण बारीक दिसतो तेव्हाही आत काय साठवून असतो याचा हा पुरावा. त्याच वर्षी अमेरिकेत पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालील कित्येक किलो चरबी यंत्राने शोषून काढली गेली आणि दहा-बारा आठवड्यांनी त्यांची तपासणी झाली. रक्तातील साखरेच्या व्यवहारात, रक्तदाबात, कशातही म्हणावा असा फरक पडला नव्हता. पोट कापून मधुमेह जाईल असे कोणी सांगत असेल, तर त्याच्या दारातून उठून यावे. त्या गृहस्थांना चालणे आणि ताटातला घास मोजणे यांवाचून गत्यंतर नाही.

या विद्येचा जन्म सौंदर्याच्या हौसेतून झालेला नाही, हे येथे सांगितले तर ते विषयांतर होणार नाही. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा बैलगाडीवान कैद झाला व त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याच्या बाजूला एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तो वृत्तांत छापला गेला आणि युरोपातील शल्यवैद्य त्यावरून धडे घेऊ लागले. आपल्या देशातील सुघटनशल्याचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला. पोटाच्या शस्त्रक्रियेचेही तसेच आहे. १८९९ साली बाल्टिमोर येथील डॉ. हॉवर्ड केली यांनी लोंबणाऱ्या पोटाचा भार काढला तो त्या स्त्रीला चालणेबसणे सुकर व्हावे म्हणून. व्रण खाली नेऊन कपड्यांखाली लपवण्याची कला पुढे वाढली. ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांचा १९६७ सालचा लेख त्या वाटेवरील एक ठळक खूण मानला जातो. दुरुस्ती आणि रूप यांच्यामधली रेषा अशी पहिल्यापासूनच पुसट आहे. म्हणून आपल्या भालकीच्या भगिनीची इच्छा कोणी नटवेपणाची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. फारकत झालेल्या स्नायूंमुळे कंबर दुखते, घडीत घाम साचून कातडी सोलवटते, आणि तो 'कितवा महिना' तर आहेच.

तर मग ही शस्त्रक्रिया होते तरी कशी? केवळ चरबी शोषून काढण्याच्या कृतीला लायपोसक्शन म्हणतात. तिच्यात बारीक छिद्रांतून नळी घालतात. कातडी ताठ असेल आणि स्नायू जागेवर असतील त्यांनाच ती उपयोगी. सैल कातडी तिने आवळली जात नाही. उलट पिशवीतले धान्य काढल्यावर पिशवी अधिकच लोंबावी तसे होते. आपल्या भगिनीला लागणारी शस्त्रक्रिया दुसरी. तिला टमी टक किंवा अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी म्हणतात. पूर्ण भूल देऊन, ओटीपोटाच्या अगदी खाली, एका खुब्यापासून दुसऱ्या खुब्यापर्यंत आडवा छेद घेतात. कातडी व चरबी यांचा थर बरगड्यांपर्यंत उचलतात. बेंबी आपल्या देठावर जागीच ठेवतात. मग उघड्या पडलेल्या भिंतीवर ती रुंदावलेली शिवण उभ्या टाक्यांनी दुमडून दोन्ही पट्टे जवळ आणतात. हेच या शस्त्रक्रियेचे मर्म. नंतर कातडी खाली ओढून जादा भाग कापून टाकतात व बेंबीसाठी नवे छिद्र करून तिला वर काढतात. साचणारे पाणी बाहेर जावे म्हणून बहुधा एकदोन नळ्या ठेवतात. या सर्वांस साधारणतः दोन ते चार तास लागतात.

पोट चिरून झालेल्या बाळंतपणाचा खालचा जुना व्रण बहुधा या कापलेल्या भागाबरोबरच निघून जातो. बेंबीखालच्या गर्भारपणाच्या रेघाही पुष्कळशा जातात. वरच्या मात्र राहतात, फक्त थोड्या खाली सरकतात. परंतु पित्ताशयाची जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया होऊन उजव्या बरगडीखाली तिरपा व्रण असेल, तर तो आधीच दाखवला पाहिजे. त्या बाजूचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि ओढलेल्या कातडीला वरून रक्त मिळेनासे होते.

वजन किती उतरेल, हा प्रश्न हमखास येतो. फारसे उतरत नाही. आधी वजन उतरवून, ते सहा महिने स्थिर ठेवून, मग शस्त्रक्रिया करावी असा क्रम आहे. त्याच्या उलटा नव्हे. आणखी मूल हवे असेल तरी थांबावे, कारण पुढील गर्भारपणाने सगळी शिवण पुन्हा ताणली जाते.

शुद्धीवर आल्यानंतरचा पहिला आठवडा हा कौतुकाचा नसतो. पोट आतून आवळल्यासारखे वाटते. ताठ उभे राहता येत नाही. कमरेत वाकून, जात्यावरून उठलेल्या म्हातारीसारखे चालावे लागते. गुडघ्यांखाली उशी घेऊन पाय दुमडून निजावे लागते. खोकला आला तर उशी पोटाशी धरावी. आणि तरीही पहिल्याच दिवसापासून उठून चार पावले टाकायची असतात. याचे कारण पुढे सांगतो. दोनतीन दिवसांनी घरी सोडतात, परंतु घट्ट पट्टा सुमारे सहा आठवडे अंगावर ठेवावा लागतो. कलबुरगीचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला हे वाक्य पुन्हा वाचून दाखवण्याची गरज नाही! तुरीची रास झाल्यावर, थंडीत, घरात कामाचा ताण कमी असतानाचा मुहूर्त साधावा हे उत्तम. सहा आठवडे घागर उचलायची नाही, पोते सरकवायचे नाही, लेकराला कडेवर घ्यायचे नाही. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी पाणी कोण भरणार हे ठरले पाहिजे. ते ठरत नसेल तर तारीखही ठरवू नये, इतके मी स्पष्ट सांगतो.

सूज उतरायला महिने लागतात. बेंबीखालचा पट्टा बधिर राहतो. कित्येकींना तेथे वर्षभर हात लावल्याचे नीट कळत नाही, काहींना तर कायमचेच. व्रण आधी लाल, मग काळसर, आणि वर्ष-दीड वर्षाने फिकट होतो. तो नाहीसा होत नाही. आपल्या सावळ्या कातडीत तो कधी कधी जाड दोरीसारखा उंचही होतो. ज्यांच्या कानाच्या पाळीला टोचल्यानंतर गाठ आली असेल त्यांनी ते वैद्याला आवर्जून सांगावे. व्रण नेसूच्या गाठीखाली लपतो हे खरे. परंतु परकराची नाडी पहिले काही महिने त्यावर घासू देऊ नये.

आता धोके. सर्वांत अधिक आढळणारी तक्रार म्हणजे कातडीखाली पाणी साचणे. ते सुईने काढता येते, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे रुग्ण गावी परतल्यावर, ते उद्भवते. जखम पिकणे, तिची कड काळी पडणे हे त्याहून गंभीर. येथे एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. तंबाखूतील निकोटिनाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणलेल्या कातडीचा प्राण जातो. शहरातला वैद्य विचारतो, "तुम्ही धूम्रपान करता का?" आणि आपली भगिनी खरेच सांगते, "नाही." पण ती सकाळी मिस्री लावते, किंवा पानात चिमूटभर तंबाखू घेते. तेही निकोटिनच आहे. निदान चार आठवडे आधीपासून आणि जखम भरेपर्यंत ते बंद झाले पाहिजे. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असल्यास त्याही सांगाव्यात. त्यांतील काहींनी रक्त गोठण्याची भीती वाढते.

आणि रक्त गोठणे हाच खरा जिवावरचा धोका. पायाच्या शिरांत गाठ होते, सुटते, आणि फुप्फुसात जाऊन अडकते. पहिल्या दिवसापासून चालायचे ते यासाठी. २०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूत कन्नड दूरचित्रवाणीवरील एक एकवीस वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर मरण पावली. तिच्या मृत्यूच्या कारणाचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. परंतु तरुण, निरोगी दिसणाऱ्या शरीरावरही या शस्त्रक्रिया क्षुल्लक नसतात, एवढे त्या बातमीने घरोघर पोचवले. पोटरी दुखून सुजली, छातीत कळ आली, अचानक धाप लागली, तर ज्याने शस्त्रक्रिया केली त्याला गाठण्यासाठी हैदराबादची वाट धरू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बीदर किंवा कलबुरगी येथील जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

या वाटेचाच विचार आपण सीमाभागातील लोकांनी अधिक केला पाहिजे. आपले रुग्ण सोलापूरला जातात, हैदराबादला जातात. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्याच दिवशी तीनचार तास गाडीत पाय लोंबकळत बसून परत येणे म्हणजे रक्ताच्या गाठीला आमंत्रणच होय. आठदहा दिवस त्याच शहरात नातलगाकडे किंवा भाड्याने राहण्याची तजवीज करावी आणि तो खर्चही हिशेबात धरावा. हा खर्च सरकार देईल या आशेवर कोणी राहू नये. आयुष्मान भारत योजनेत सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया बसत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय जाहीर केला आणि कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. त्या वादात मी शिरत नाही, कारण या योजनाही आजारासाठी आहेत, रूपासाठी नाहीत. एवढेच नव्हे, तर २०१७ सालच्या वस्तू व सेवा कराच्या नियमांत वैद्यकीय सेवेला करमाफी देताना सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली आहे. जन्मजात व्यंग किंवा अपघाताची इजा दुरुस्त करणे मात्र माफीत आहे. तेव्हा सांगितलेल्या रकमेत कर धरला आहे की नाही, भूल देणाऱ्याचे शुल्क, पट्टा, आणि पाणी साचल्यास पुन्हा होणारा खर्च धरला आहे की नाही, हे कागदावर लिहून मागावे.

शस्त्रक्रिया करणाराची पदवीही विचारावी. यात भीड कसली? सामान्य शल्यशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर सुघटनशल्यातील एम.सीएच. किंवा त्या तोडीची राष्ट्रीय मंडळाची पदवी बहुधा आणखी तीन वर्षांनी मिळते. दारावरच्या पाटीवर 'सौंदर्यतज्ज्ञ' असे लिहिलेले असले म्हणून ती पदवी होत नाही. कर्नाटकात खाजगी रुग्णालयांची नोंदणी २००७ च्या कायद्याने आवश्यक आहे, ती विचारावी. अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे काय, भूलतज्ज्ञ कोण, हेही विचारावे.

राहिला संमतिपत्राचा प्रश्न. आपली भगिनी घरात मराठी बोलते, बाजारात कन्नड, आणि हैदराबादेत दखनी हिंदीवर निभावून नेते; पुढे येतो तो कागद मात्र इंग्रजीत असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सांगितले आहे की, रुग्णाला धोके व पर्याय पुरेसे समजावून मिळवलेली संमती हीच खरी संमती, आणि एका कृतीसाठी दिलेली संमती दुसऱ्या कृतीला, जीव वाचवण्याची तातडी नसता, लागू पडत नाही. म्हणून कागद समजणाऱ्या माणसाकडून तो मराठीत वाचून घ्यावा. त्यात फक्त चरबी काढणे लिहिले आहे की स्नायू शिवणेही, हे पाहावे. सही आदल्या दिवशी, स्वस्थपणे बसून करावी. शस्त्रक्रियागृहाच्या दारात, अंगावर हिरवा झगा चढवल्यावर नव्हे.

आणि परत निघताना तपासणीची पुढची तारीख, काय केले याचा लेखी गोषवारा, आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक घेऊनच पायरी उतरावी. तो क्रमांक हैदराबादच्या भावाच्या मोबाईलमध्ये असून भागणार नाही. तो भालकीच्या घरात, सासूबाईंना दिसेल अशा जागी, भिंतीवर लिहून ठेवावा.